'फेटल' म्हणजे काय रे भाऊ?

खरं सांगायचं तर मॅगझिनच्या मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. तिथे मराठी होतं, पण 'कम्पल्सरी आहे म्हणून' होतं. मैदानावर मराठीत बोलताना सापडलं की एक रुपया दंड. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील तर संपादक मंडळाने त्या 'फेटल' करून घ्याव्यात ही नम्र विनंती.

आता 'फेटल' म्हणजे काय? तेच तर सांगायचंय!

झालं असं की सेकंड इयरला फाउंड्री शॉपमध्ये आमच्या बॅचचं पहिलं कास्टिंग होतं. वाळू चाळून, ठोकून, पॅटर्न अलगद काढून आम्ही साचा तयार केला. ॲल्युमिनियम ओतलं. थंड झाल्यावर साचा फोडला आणि आतून आमचा फ्लँज बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने धातूची वस्तू केली होती. मी तो उचलून तशीच सरांकडे मार्क घ्यायला निघाले. तेवढ्यात फाउंड्रीचे मामा म्हणाले,

"अगं थांब की. आधी फेटल कर त्याला. असंच न्हेतीस व्हय?"

मी म्हटलं, "मामा, 'सेटल' म्हणायचंय का तुम्हाला?"

सगळी बॅच खो खो हसली. मामाही थोडंसं हसले. "सेटल न्हवं, फेटल," एवढंच म्हणाले, माझ्या हातात हॅक्सॉ आणि कानस दिली आणि भट्टीकडे निघून गेले. रात्री मेसमध्ये मी हा किस्सा 'मामांचं इंग्लिश' म्हणून रंगवून सांगितला. पुन्हा सगळ्या हसल्या.

पंधरा दिवसांनी सबमिशनची रात्र. जर्नल पूर्ण करायला पुस्तक उघडलं, तर कास्टिंगच्या धड्यात ठळक अक्षरांत शीर्षक : 'फेटलिंग'. तेव्हा माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बारा-तेरा वर्षं इंग्रजी माध्यमात काढलेली मी, आणि हा शब्द मला माहीत नव्हता. आठवीनंतर शाळा सोडलेल्या मामांना माहीत होता. नुसता माहीत नव्हता, तर त्यांचं अर्धं आयुष्य त्या शब्दात गेलं होतं.

मग मी त्या शब्दाच्या मागेच लागले. जे सापडलं ते थोडक्यात इथे देते.

आधी कामापुरता अर्थ

साचा फोडल्यावर बाहेर येतं ते कास्टिंग लगेच वापरता येत नाही. त्याला वाळू चिकटलेली असते. रस आत न्यायला केलेली वाट, म्हणजे रनर, तसाच जोडलेला असतो. वर रायझर असतो. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे पातळ पंखासारखी पट्टी आलेली असते. हे सगळं काढून कास्टिंग पुढच्या कामासाठी तयार करणं म्हणजे फेटलिंग. कॉलेजात आपण हॅक्सॉ, छिन्नी आणि कानशीवर भागवतो. मोठ्या फाउंड्रीत ग्राइंडर असतात, आणि पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करणारी शॉट ब्लास्टिंगची यंत्रं असतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या (व्हायवाला विचारतात!). फेटलिंग म्हणजे चूक दुरुस्त करणं नव्हे. धातू गोठताना आकसतो. ॲल्युमिनियम तर आकारमानात साधारण 6 टक्के आकसतं. ती तूट भरून काढायला रायझरमधला रस उपयोगी पडतो. म्हणजे रायझर मुद्दाम ठेवलेला असतो, आणि काम झालं की तो कापावाच लागतो. ओतणं जितकं महत्त्वाचं, तितकंच हे. आपल्याकडे म्हण आहेच, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.

कंबरपट्टा ते कानस

आता शब्दाकडे वळू. लायब्ररीतली जाड डिक्शनरी काढली तर 'फेटल'पुढे लिहिलेलं, 'उत्तर इंग्लंडच्या बोलीतला शब्द'. अर्थ : नीट करणे, साफ करणे, दुरुस्त करणे, तयार करणे. मला वाटलं होतं हा फाउंड्रीवाल्यांनी केलेला एखादा टेक्निकल शब्द असेल. पण हा शब्द फाउंड्रीत येण्याआधी कित्येक शतकं लोकांच्या तोंडात होता.

1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्याच्या आधीपासून तिथे जी इंग्रजी बोलली जायची तिला जुनी इंग्रजी म्हणतात. त्या भाषेत 'फेटेल' असं एक नाम होतं. अर्थ पट्टा, विशेषतः तलवार अडकवायचा कंबरपट्टा. याची भावंडं शेजारच्या भाषांतही सापडतात. जुन्या नॉर्स भाषेत 'फेटिल' म्हणजे पट्टा, आणि जुन्या जर्मनमध्ये 'फेझिल' म्हणजे तलवारीचा पट्टा. 'फेटल' या क्रियापदाचं मूळ कोशकार बहुधा या पट्ट्यातच शोधतात.

आता तुम्ही म्हणाल, पट्ट्याचा आणि कानशीचा काय संबंध? मलाही आधी कळेना. मग एकदम लक्षात आलं की याचं उत्तर तर आपल्या मराठीतच आहे. आपण काय म्हणतो? 'कंबर कसली.' 'पदर खोचला.' यात खरोखरचा पदर किती वेळा असतो? परीक्षेसाठी कंबर कसणाऱ्याच्या कमरेला काहीच नसतं (आणि डोक्यातही नसतं, पण ते असो). कमरेचं वस्त्र आवळणं म्हणजे कामाला तयार होणं, ही उडी मराठी माणसाने घेतली, तशीच इंग्लंडच्या माणसानेही घेतली.

पायऱ्या अशा मांडता येतील :

पट्टा – पट्टा आवळणे – स्वतः तयार होणे – एखादी वस्तू तयार करणे, जागच्या जागी बसवणे – साफ करणे, दुरुस्त करणे.

चौदाव्या शतकात हे क्रियापद लिखाणात दिसतं. त्या शतकाच्या शेवटी लिहिलेलं 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' नावाचं एक दीर्घकाव्य आहे. कवीचं नाव आजही कोणाला माहीत नाही, पण भाषा इंग्लंडच्या वायव्य भागातली आहे. त्यात एका सरदाराच्या अंगी गुण कसे पक्के बसवलेले होते हे सांगताना कवीने 'फेटल'चंच रूप वापरलंय. म्हणजे मी ज्या शब्दाला हसले तो निदान सहाशे वर्षं जुना निघाला!

पुढे अठराव्या शतकात त्याचं नामही रूढ झालं. 'फेटल' म्हणजे स्थिती, तब्येत. 'इन फाइन फेटल' हा वाक्प्रचार इंग्रजी पेपरात तुम्ही वाचला असेल, म्हणजे ठणठणीत, एकदम फिट. उत्तर इंग्लंडच्या काही भागांत आजही लोक भेटल्यावर 'व्हॉट फेटल?' असं विचारतात. आपल्याकडचं 'काय, बरं हाय न्हवं?' जसं, अगदी तसंच.

एक सावधगिरी

माझी रूममेट कॉम्प्युटरची. तिने लगेच विचारलं, "अगं, मग 'फेटर' म्हणजे बेडी, तेही यातलंच का?" दिसायला सारखं, अर्थही बांधण्याचाच. पण नाही! 'फेटर' हा शब्द पायावरून आला, बेडी पायात घालतात म्हणून. इंग्रजीतला 'फूट' आणि संस्कृतातला 'पद' ज्या मुळातून आले त्याच मुळातला तो आहे. म्हणजे 'फेटर' आपल्या 'पदा'चा लांबचा नातेवाईक, आणि 'फेटल' पट्ट्याच्या घरातला. आडनाव सारखं म्हणून नातं असतंच असं नाही. शब्दांची व्युत्पत्ती शोधताना नुसत्या आवाजावर जाऊ नये, जुनी रूपं आणि अर्थाच्या पायऱ्या बघाव्यात, हा धडा मला इथे मिळाला.

मग तो 'बोलीतला' का ठरला?

सहाशे वर्षं जुना, अस्सल इंग्रजी शब्द. मग कॉन्व्हेंटच्या एकाही पुस्तकात तो का नव्हता?

कारण इंग्रजी तरी कुठे एकच होती? गावागणिक वेगळी होती. विल्यम कॅक्स्टनने 1476 च्या सुमारास इंग्लंडातला पहिला छापखाना काढला तो लंडनशेजारी, वेस्टमिन्स्टरला. राजा तिथे, कोर्ट तिथे, व्यापार तिथे. हळूहळू पुस्तकांत त्या भागाची भाषा छापली जाऊ लागली आणि तीच 'शुद्ध' झाली. यॉर्कशर, लँकशरकडचे शब्द मागे राहिले. ते चुकीचे होते म्हणून नाही, छापखाना दुसरीकडे होता म्हणून! पुण्याची भाषा प्रमाण आणि कोल्हापूरची 'गावठी' हे आपल्याकडे कसं ठरलं, याचा विचार आता ज्याने त्याने करावा.

पण गंमत पुढेच आहे. औद्योगिक क्रांतीचे मोठमोठे कारखाने कुठे उभे राहिले? बरेचसे लंडनपासून दूर, लँकशर, यॉर्कशर, स्टॅफर्डशर अशा भागांत. तिथले कामगार बोलत होते बोलीभाषा. नवं काम आलं की त्याला त्यांनी आपल्याच घरातला शब्द लावला. घर 'फेटल' करतात, घोडा 'फेटल' करतात, तसंच मशीनही 'फेटल' करायचं. पुस्तकवाल्यांनी जो शब्द बाहेर ठेवला तो कारखान्याच्या दाराने आत आला आणि टेक्निकल टर्म होऊन बसला.

मग प्रत्येक धंद्यात त्याचा अर्थ थोडा थोडा वेगळा झाला :

- लोकरीच्या गिरण्यांत लोकर पिंजणाऱ्या कार्डिंग मशीनच्या तारांत अडकलेला कचरा साफ करणारा कामगार तो 'फेटलर'.
- चिनी मातीच्या कारखान्यांत कप-बशी साच्यातून निघाली की जोडाची रेघ भट्टीत घालण्याआधी पात्याने खरवडून काढणं, म्हणजे 'फेटलिंग'.
- घडीव लोखंडाच्या भट्टीत, म्हणजे पडलिंग फर्नेसमध्ये, तळाला आणि बाजूंना आयर्न ऑक्साइडचं अस्तर द्यायचं त्याला 'फेटलिंग' म्हणत. या ऑक्साइडमधला ऑक्सिजन कच्च्या लोखंडातला कार्बन काढून टाकायला मदत करत असे.
- ऑस्ट्रेलियाच्या रेल्वेत रूळ ठीकठाक ठेवणारा कामगार म्हणजे 'फेटलर'. आपल्याकडे ज्याला गँगमन म्हणायचे, तो.
- आणि फाउंड्रीत कास्टिंग साफ करणं, जे आपण वर बघितलंच.

कामं पाच, पण आतला अर्थ एकच : पुढच्या कामासाठी तयार करून ठेवणं.

असा हा एकटाच शब्द नाही. आपण 'पिग आयर्न' लिहितो तेव्हा डुक्कर कुठून आलं हे कधी विचारलंय? पूर्वी भट्टीतला रस वाळूतल्या एका लांब चरात सोडत आणि त्या चराला काटकोनात छोटे छोटे चर जोडलेले असत. कामगारांना ते डुकरीण आणि तिला लुचणारी पिल्लं यांच्यासारखं दिसलं. झालं, पिग आयर्न! ज्यांनी हे नाव दिलं त्यांच्या गळ्यात टाय नव्हता.

गिरणीतला पोरगा

शब्द शोधता शोधता मला एक माणूस सापडला. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

जोसेफ राइट. जन्म 1855, यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळचा. घरची गरिबी. सहा-सात वर्षांचा असताना दगडाच्या खाणीवर गाढवगाडी हाकायचा. नंतर सॉल्टेअरच्या लोकरीच्या गिरणीत भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायचं काम. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. 1870 साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध सुरू झालं. गिरणीतले लोक पेपर वाचून बातम्या सांगायचे. आपल्यालाही त्या स्वतः वाचता याव्यात म्हणून हा पोरगा वाचायला शिकला. मग रात्रशाळा, मग फ्रेंच, जर्मन, लॅटिन. 1876 मध्ये साठवलेले पैसे घेऊन जर्मनीतल्या हायडेलबर्गला शिकायला गेला. पैसे पुरावेत म्हणून अँटवर्पपासून तिथवर चालत! 1885 मध्ये तिथेच डॉक्टरेट. 1901 मध्ये ऑक्सफर्डला भाषाशास्त्राचा प्रोफेसर. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाले टॉलकिन हे याच माणसाचे विद्यार्थी.

इतकं शिकल्यावर त्याने केलं काय? 1892 मध्ये एक पुस्तक काढलं : आपल्या लहानपणच्या विंडहिल गावच्या बोलीचं व्याकरण! आणि मग 'इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी', बोलीभाषांचा सहा खंडांचा कोश, 1898 ते 1905 या काळात छापलेला. ठिकठिकाणच्या लोकांनी आपल्याकडचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून पाठवले होते. खर्चाचा मोठा भार राइटने स्वतः उचलला. 'फेटल' हा शब्दही त्यात आहे. हे सगळे खंड आता इंटरनेटवर फुकट बघता येतात.

राइट ऑक्सफर्डला गेल्यावरही आपली यॉर्कशरची बोली अभिमानाने बोलायचा. हे वाचलं आणि मला तो एक रुपया दंड आठवला. कोणावर राग म्हणून नाही हं. पण मी तो दंड भरता भरता एक गोष्ट नकळत शिकले होते, की ज्याचं इंग्रजी 'बरोबर' तो हुशार आणि बाकीचे हसण्यासारखे. फाउंड्रीत त्या दिवशी माझ्या तोंडून बोललं ते हेच शिक्षण. राइटच्या कोशात शब्द देणाऱ्यांत आमच्या मामांसारखी माणसं किती असतील!

परत फाउंड्रीत

एवढं सगळं कळल्यावर गप्प बसवेना. एका गुरुवारी दुपारी शॉपमध्ये गेले. मामा वाळूला पाणी मारत होते. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी तुम्हाला हसले. तुमचंच बरोबर होतं. सॉरी."

"असूं दे गं," ते म्हणाले. "पोरं हसत्यातच."

म्हणजे त्यांच्या लक्षात होतं.

मग मी त्यांना पट्ट्याची सगळी गोष्ट सांगितली. ते फावडं टेकवून ऐकत राहिले.

"म्हंजे कंबर कसायची," शेवटी म्हणाले. "मग बरोबरच हाय की. त्याबिगार हितं काय हुतंय?"

तेव्हा कळलं की कॉलेजात लागायच्या आधी मामा कोल्हापूरला, शिरोलीच्या एका फाउंड्रीत अकरा वर्षं फेटलिंगलाच होते. पहिल्या दिवशी उस्तादाने हातात छिन्नी-हातोडी देऊन सांगितलं, 'फेटल कर', आणि त्यांनी तो शब्द तसाच उचलला. कुठल्या भाषेतला, हे विचारायला वेळ कोणाला होता? दिवसभर ग्राइंडरचा आवाज आणि धूळ. "नाकाला रुमाल बांधायचा, बास," ते म्हणाले. ही वाळू सिलिकाची असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. म्हणून चांगल्या फाउंड्रीत धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि मास्क लागतातच. आपण परीक्षेत फेटलिंगची व्याख्या दोन मार्कांना लिहितो, त्यात ही धूळ कुठेच येत नाही. उद्या आपल्यापैकीच कोणीतरी अशा शॉपचा इंजिनिअर होणार आहे, तेव्हा त्याला किंवा तिला व्याख्येबरोबर हेही आठवावं.

त्या दिवसापासून मी एक वही केली आहे. राइटसारखे सहा खंड काही होणार नाहीत, पण आत्तापर्यंत 37 शब्द झालेत. मूस, भाता, घण, ओतकाम, ओतारी... यातले अर्धे मला वयाच्या विसाव्या वर्षी पहिल्यांदा कळले. सिव्हिलवाल्यांनो, साइटवरच्या गवंड्याला ओळंबा आणि गुण्या विचारा. कार्पेंट्री शॉपमध्ये रंधा आणि पटाशी यांच्यातला फरक विचारा. जो शब्द ऐकून हसू येईल तो आधी लिहून घ्या, आणि मग शोधा.

मामा येत्या जूनमध्ये रिटायर होतायत. फाउंड्री शॉप गुरुवारी दुपारी दोन ते पाच उघडं असतं. जाताना वही घेऊन जा.

चूकभूल द्यावी घ्यावी.